केबल पूर्ण बसली आहे का?

भुसावळला माझ्याकडे ‘बिघडला’ म्हणून जो हातातला रेडिओ, म्हणजे वॉकी-टॉकी, येतो, त्यातला बिघाड बहुधा रेडिओत नसतोच. तो असतो संगणकावरून रेडिओत चॅनेल भरण्याच्या प्रोग्रॅमिंग केबलच्या टोकाशी, प्लग आणि रेडिओचे कवच यांच्यामध्ये राहून गेलेल्या मिलिमीटरभर फटीत. रेडिओ नवा असतो, केबल घरी आलेली असते, संगणकावर सॉफ्टवेअर चढवलेले असते, आणि तरीही पडद्यावर ‘रेडिओने प्रतिसाद दिला नाही’ अशा अर्थाचा एकच संदेश उमटत राहतो. मग माणूस ड्रायव्हर, म्हणजे केबल चालवणारे संगणकातले छोटे सॉफ्टवेअर, बदलतो, संगणक बदलतो, क्वचित अख्खे विंडोज नव्याने टाकतो. केबल मात्र जिथे होती तिथेच, थोडीशी बाहेर. यावल, रावेर, चोपडा आणि थेट शिरपूरकडच्या हौशी रेडिओचालक (हॅम) मित्रांना हे फोनवर समजावून सांगण्यात माझा बराच वेळ जातो, आणि फोनवर प्लग दाखवता येत नाही. म्हणून हे सारे एकदा सविस्तर लिहून ठेवत आहे.

मुळात केबलची गरज का पडते, हे आधी सांगितले पाहिजे, कारण रेडिओवर आकड्यांची कळपट्टी असताना संगणक कशाला, असे पुष्कळांना वाटते. आपल्याकडच्या हौशी मंडळींत सर्वाधिक आढळणारा बाओफेंगचा यूव्ही-५आर घ्या. त्यात १२८ चॅनेल साठवता येतात. त्यांपैकी रिपीटरचे, म्हणजे आपला आवाज पकडून दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा पाठवणाऱ्या केंद्राचे, एकच चॅनेल हाताने भरायचे म्हटले, तरी १३ व्या मेनूत टोन (रिपीटरने आपल्याला ओळखावे म्हणून आवाजासोबत जाणारा ठरलेला सूर), २५ व्या मेनूत ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीतल्या फरकाची दिशा, २६ व्या मेनूत फरकाचा आकडा आणि २७ व्या मेनूत चॅनेलचा क्रमांक, अशी वारी करावी लागते. शिवाय ऐकण्याची आणि बोलण्याची फ्रिक्वेन्सी वेगवेगळी असेल तर ती दोनदा साठवावी लागते. एवढे सगळे करूनही चॅनेलला नाव देता येत नाही, कारण या रेडिओत नाव देण्याची सोय कळपट्टीवरून ठेवलेलीच नाही. ते केवळ संगणकावरून देता येते. दोन-चार चॅनेलपुरते हाताने भागते. त्यापुढे केबलला पर्याय नाही.

आता प्लगकडे वळू. रेडिओच्या कडेला रबराच्या झाकणाखाली दोन भोके असतात: एक साडेतीन मिलिमीटरचे, दुसरे अडीच मिलिमीटरचे. ही दोन टोकांची रचना केनवुड कंपनीच्या रेडिओंमुळे रूढ झाली आणि पुढे बाओफेंग, वूशुन, टीवायटी, क्वानशेंग अशा अनेक चिनी कंपन्यांनी ती जशीच्या तशी उचलली. प्रत्येक प्लगवर काळ्या रेघांनी वेगळे केलेले धातूचे तीन भाग असतात: टोक, मधले कडे आणि मुळाशी असलेले नळकांडे. म्हणजे दोन्ही प्लग मिळून सहा संपर्कबिंदू झाले. या सहा बिंदूंवरूनच बाहेरचा माइक, बाहेरचा स्पीकर, बोलण्याचे बटण आणि संगणकाशी होणारी देवघेव, अशी सगळी कामे चालतात. माहितीच्या तारांसाठी स्वतंत्र जागा दिलेली नाही. त्यांना या सहांमध्येच भागीदारीत राहावे लागते. ही काटकसर समजली की पुढचे बहुतेक घोटाळे आपोआप उलगडतात.

प्लग दीड-दोन मिलिमीटर बाहेर राहिला, तर रेडिओच्या आतली पाती ज्या भागावर टेकायला हवी त्याच्याऐवजी शेजारच्या भागावर टेकते, किंवा दोन भागांमधल्या काळ्या रेघेवर अधांतरी राहते. पहिल्या प्रकारात माहिती भलत्या तारेवर जाते आणि दुसऱ्या प्रकारात ती कुठेच जात नाही. संगणकाला मात्र यातले काहीच कळत नाही. त्याच्या दृष्टीने केबल जोडलेली आहे, कारण केबलची चिप यूएसबीच्या बाजूला असते आणि ती बाजू ठणठणीत असते. म्हणूनच संगणकाने पोर्टचा क्रमांक दाखवला याचा अर्थ रेडिओ जोडला गेला असा कधीच होत नाही. रेडिओ टेबलावरून उचलून शेजारच्या खोलीत नेऊन ठेवला, तरी तो क्रमांक तसाच दिसत राहील.

इअरफोनचा प्लग याच भोकांत सहज बसतो आणि केबलचा बसत नाही, याचे कारण प्लगच्या मागच्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात आहे. रेडिओचे कवच त्या जागी किंचित खोलगट असते. इअरफोनच्या प्लगचा ठोकळा त्या खोबणीत मावेल असा घडवलेला असतो; स्वस्त केबलचा ठोकळा मात्र कडांना जाड असतो, आणि धातूची टोके पुरती आत जाण्याआधीच तो कवचाला अडतो. हाताला ‘बसला’ असे जाणवते, पण बसलेले असते ते प्लॅस्टिक. अशा वेळी धारदार ब्लेडने ठोकळ्याच्या टोकाकडच्या कडा पातळ तासाव्यात. एकदम लचका तोडू नये. थोडे तासावे, लावून पाहावे, पुन्हा थोडे तासावे. धातूला ब्लेड लागू देऊ नये आणि रेडिओचे कवच तर मुळीच तासू नये, कारण केबल पुन्हा विकत घेता येते.

लावण्याचा माझा क्रम ठरलेला आहे. रेडिओ बंद करायचा, अँटेना घट्ट बसलेली आहे हे पाहायचे, रबराचे झाकण पूर्ण मागे वळवून अंगठ्याखाली धरायचे, कारण हे झाकण अर्धवट आडवे आले तरी तेवढ्यानेच प्लग बाहेर राहतो, आणि मग दोन्ही टोके एकाच वेळी, तिरपी न करता, सरळ आत दाबायची. शेवटी एक स्पष्ट ‘टक’ हाताला जाणवली पाहिजे. ती जाणवेपर्यंत काम झालेले नाही. नवा रेडिओ असेल तर माणसे घाबरून दाबतात; चोपड्याचा एक तरुण मित्र पहिल्यांदा केबल लावत असताना शेजारी बसलेल्या त्याच्या मामांनी शेवटी ‘जोरमा दाब ना भो’ म्हणून सांगितले, आणि त्या एका वाक्यात सगळे मार्गदर्शन आले. डोळ्यांनी खात्री करायची तर रेडिओ आडवा धरून ठोकळा आणि कवच यांच्यामध्ये पाहावे. धातूची चमक किंचितही दिसत असेल, तर केबल बसलेली नाही.

अर्धवट बसलेल्या केबलचा एक धोका मात्र निव्वळ वेळ वाया जाण्याहून मोठा आहे. या रचनेत दोन्ही प्लगच्या मुळाशी असलेली नळकांडी एकमेकांना जोडली गेली की रेडिओ ते बोलण्याचे बटण दाबल्यासारखे मानतो आणि प्रसारण सुरू करतो. केबल चुकीच्या जागी टेकलेली असली, किंवा केबलमधली चिपच बिनसलेली असली, तर रेडिओ सुरू करताच तांबडा दिवा लागून राहतो. म्हणजे आपण काही न बोलता, त्या क्षणी जी फ्रिक्वेन्सी पडद्यावर असेल तिच्यावर तो अखंड ओरडत असतो. असे दिसले की प्रथम रेडिओ बंद करावा, मग केबल काढावी. अँटेना काढून प्रश्न सुटेल असे समजू नये. अँटेनाशिवाय प्रसारण करणे हे रेडिओच्या शक्तिवर्धकाच्या जिवावर बेतू शकते. याच कारणाने मी केबल लावण्याआधी रेडिओ नेहमी कमी शक्तीवर आणि कोणीही वापरत नसलेल्या, पण आपल्याला परवानगी असलेल्या फ्रिक्वेन्सीवर ठेवतो.

आपल्या भागापुरती यात धुळीची भर पडते. काळ्या मातीची बारीक धूळ, उन्हाळ्यातली वावटळ आणि रबराचे सैल झालेले झाकण एवढे एकत्र आले की रेडिओच्या भोकांत काय जमत असेल, ते सांगायला नको. केळीच्या मळ्यात कमरेला लटकवून वापरलेल्या रेडिओत तर मी अक्षरशः चिखलाची खपली पाहिली आहे. मोबाइल दुरुस्तीवाले जे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, त्याचा एक थेंब दात कोरायच्या काडीला गुंडाळलेल्या कापसावर घेऊन ही भोके हलक्या हाताने पुसावीत आणि पूर्ण वाळू द्यावीत. जळगावात गोलाणी मार्केटला गेलात तर तिथल्या दुरुस्ती साहित्यात ते मिळायला अडचण येऊ नये. पाणी, रॉकेल किंवा देव्हाऱ्यातले तेल, यांपैकी काहीही घालू नये. पारा पंचेचाळीसच्या घरात गेलेल्या दुपारी गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली केबलही एकदा नीट तपासावी, कारण ठोकळ्याचे प्लॅस्टिक नरम पडून दोन प्लगमधले अंतर किंचित बदललेले असू शकते, आणि मग कितीही दाबले तरी ती दोन्ही भोकांत एकाच वेळी सरळ जात नाही.

केबल पूर्ण बसूनही काम होत नसेल, तर ती केबल या रेडिओची आहे का, असा प्रश्न विचारावा. टीवायटीच्या एमडी-३८० सारख्या डिजिटल रेडिओंची केबल बाहेरून अगदी अशीच दोन टोकांची दिसते, पण तिच्यात चिप नसते. यूएसबीच्या तारा थेट रेडिओपर्यंत नेलेल्या असतात, कारण यूएसबी समजणारा भाग त्या रेडिओच्या आतच असतो. ती केबल यूव्ही-५आरला लावून काही होणार नाही, आणि याची तिकडे चालणार नाही. क्वानशेंगच्या यूव्ही-के५ मध्ये फसगत वेगळ्या वाटेने होते. त्याच्या अंगावर यूएसबी-सीचे भोक दिसते आणि मोबाइलची केबल लावून संगणक त्याला ओळखेल अशी अपेक्षा आपसूक तयार होते, पण ते भोक फक्त चार्जिंगसाठी आहे. प्रोग्रॅमिंगसाठी त्यालाही कडेची तीच जुनी दोन टोकांची केबल लागते.

आता केबलच्या दुसऱ्या टोकाकडे येऊ. रेडिओतला सूक्ष्मनियंत्रक जी भाषा बोलतो ती जुन्या पद्धतीची सीरियल भाषा आहे: एका तारेवरून जाणारे आणि दुसऱ्या तारेवरून येणारे, एकामागोमाग एक बिट. यूव्ही-५आरसाठी हा वेग सेकंदाला ९६०० बिट इतका असतो. आजच्या संगणकाला असे सीरियल पोर्ट नसते, म्हणून यूएसबीच्या टोकात एक दुभाषी चिप बसवलेली असते. संगणक तिला एक काल्पनिक पोर्ट समजतो आणि विंडोजमध्ये तिला कॉम ३, कॉम ७ असा क्रमांक मिळतो. तोच प्लग संगणकाच्या दुसऱ्या यूएसबी भोकात लावला तर क्रमांक बदलू शकतो, म्हणून केबलसाठी एक भोक ठरवून ठेवणे सोयीचे. ज्यांच्याकडे जुना, मागे नऊ पिनांचे खरेखुरे सीरियल पोर्ट असलेला संगणक आहे त्यांनी मात्र त्या पोर्टातून तारा थेट रेडिओत नेण्याचा मोह टाळावा. त्या पोर्टवरचा विद्युतदाब धन आणि ऋण अशा दोन्ही दिशांना कित्येक व्होल्ट झुलतो, आणि रेडिओतल्या नाजूक सर्किटला तो झेपणारा नाही.

दुभाषी चिपांत सर्वाधिक डोकेदुखी पीएल२३०३ या जातीची. प्रोलिफिक या तैवानी कंपनीची ही चिप इतकी लोकप्रिय झाली की तिच्या नकला बाजारात मूळ चिपपेक्षाही सहज मिळू लागल्या. कंपनीने पुढे आपल्या नव्या ड्रायव्हरमध्ये जुन्या आणि बनावट चिपांना ओळखून नकार देण्याची व्यवस्था केली. परिणाम असा की विंडोज १० किंवा ११ आपणहून ताजा ड्रायव्हर उतरवून घेते, डिव्हाइस मॅनेजरमध्ये केबलच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आणि ‘कोड १०’ दिसतो, किंवा ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे अशा आशयाची ओळच तिथे नावाच्या जागी उमटते. केबल कालपर्यंत चालत होती आणि आज चालत नाही, याचे कारण बहुतेक वेळा रात्रीतून झालेले हे अद्ययावतीकरण असते. त्यावरचा प्रचलित उपाय म्हणजे ३.२.०.० ही ड्रायव्हरची जुनी आवृत्ती बसवणे, आणि डिव्हाइस मॅनेजरमधून ‘संगणकावर आधीच असलेल्या ड्रायव्हरांतून निवडा’ या मार्गाने तीच पक्की करणे. विंडोजने पुन्हा आगाऊपणा केला तर हेच पुन्हा करावे लागते.

अशाच चिपा बनवणाऱ्या एफटीडीआय या स्कॉटलंडच्या कंपनीने २०१४ मध्ये याहून कठोर पाऊल उचलले होते. विंडोज अपडेटमधून आलेल्या तिच्या ड्रायव्हरने बनावट चिपांचा ओळखक्रमांक बदलून शून्य करून टाकला, त्यामुळे त्या चिपा दुसऱ्या संगणकावरही चालेनाशा झाल्या. जगभर गदारोळ झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. आपल्या चिपची नक्कल होत असेल तर कंपनीचा राग समजण्यासारखा आहे. पण ज्याला आपली केबल अस्सल की बनावट हे ठाऊक नाही आणि ते कळण्याचे साधनही ज्याच्यापाशी नाही, अशा शेवटच्या ग्राहकाच्या हातातली वस्तू निकामी करणे मला आजही न्याय्य वाटत नाही. एवढे असूनही केबल विकत घेताना मी अस्सल एफटीडीआय चिपचीच सुचवतो. ती महाग पडते, पण तिचा ड्रायव्हर शोधत फिरावे लागत नाही. मधला मार्ग म्हणून सीएच३४० ही चिनी चिप वाईट नाही.

लिनक्स वापरणाऱ्यांना ड्रायव्हर शोधावाच लागत नाही, कारण या सगळ्या चिपांचे ड्रायव्हर गाभ्यातच असतात. तिथे अडचण परवानगीची येते. आपल्या वापरकर्त्याचे नाव ‘डायलआऊट’ या गटात घालून एकदा लॉग-आउट होऊन पुन्हा लॉग-इन व्हावे लागते. उबंटू २२.०४ वर सीएच३४० ची केबल लावताच पोर्ट दिसून लगेच नाहीसे होत असेल, तर दोष केबलचा नाही: दृष्टिहीनांच्या ब्रेल पडद्यासाठी असलेली बीआरएलटीटीवाय ही सेवा त्या चिपला आपले उपकरण समजून ताब्यात घेते. ब्रेल पडदा वापरत नसाल तर ती सेवा काढून टाकली की पोर्ट टिकते.

सॉफ्टवेअर म्हणून मी चर्प वापरतो. डॅन स्मिथ या अमेरिकी हौशी रेडिओचालकाने सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो, आणि कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरपेक्षा तो मला कितीतरी समजूतदार वाटतो. पण त्यात काम करताना एक शिस्त पाळावीच लागते: आधी वाचायचे, मग लिहायचे. केबल बसवून रेडिओ सुरू करावा, आवाजाची कळ मध्यापुढे न्यावी, कोणाचे बोलणे येत नाही अशा शांत चॅनेलवर रेडिओ ठेवावा, आणि चर्पमध्ये ‘डाऊनलोड फ्रॉम रेडिओ’ निवडून पोर्ट, कंपनी आणि मॉडेल नेमके सांगावे. पट्टी सरकू लागली की केबलला हात लावू नये. वाचन पूर्ण झाले की जे समोर येईल ते, एकही आकडा न बदलता, तत्काळ साठवून ठेवावे. ही फाइल म्हणजे रेडिओ कारखान्यातून आला तेव्हाच्या स्थितीची प्रत आहे, आणि ती पुन्हा कुठूनही मिळत नाही.

मित्राच्या रेडिओतली फाइल घेऊन ती सरळ आपल्या रेडिओत ओतण्याची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे, आणि ती मला अजिबात पसंत नाही. बाहेरून सारखे दिसणारे दोन यूव्ही-५आर आतल्या फर्मवेअरने, म्हणजे रेडिओ चालवणाऱ्या त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरने, वेगळे असू शकतात. या फाइलमध्ये चॅनेलांच्या यादीखेरीज रेडिओच्या मांडणीचेही तपशील असतात. मित्राची यादी हवी असेल तर त्याच्याकडून फक्त चॅनेलांचा तक्ता सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) रूपात घ्यावा, आपल्या रेडिओतून वाचलेल्या फाइलमध्ये तो आयात करावा आणि मग तीच फाइल परत आपल्या रेडिओत लिहावी. यूव्ही-के५ बाबत तर रेडिओच्या कॅलिब्रेशनचीही, म्हणजे त्या एका संचापुरत्या जुळवलेल्या आकड्यांचीही, वेगळी प्रत काढून ठेवणे शहाणपणाचे, कारण त्या रेडिओत याच केबलने फर्मवेअर बदलता येते आणि उत्साही मुले ते बदलतातच.

लिहिण्याचे काम मी लॅपटॉपवरच करतो, आणि लॅपटॉपची बॅटरी भरलेली असताना करतो. लोडशेडिंग असलेल्या गावात डेस्कटॉपवर हे काम करणे म्हणजे मध्येच दिवे गेले तर अर्धी यादी नवी आणि अर्धी जुनी, असा रेडिओ हातात येणे. तसे झालेच तर घाबरण्याचे कारण नाही. रेडिओ एकदा बंद करून सुरू करावा आणि साठवून ठेवलेली मूळ फाइल पुन्हा लिहावी. ती फाइलच नसेल तर मात्र काम किचकट होते. रेडिओची स्वतःची बॅटरीही भरलेली हवी, हे वेगळे सांगायला नको.

आता यादीत काय भरायचे, याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण केबल लावता आली की हाताशी फार मोठा पट्टा येतो. हा रेडिओ १३६ ते १७४ आणि ४०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या विस्तृत पट्ट्यात कुठेही बसवता येतो. आपल्या हौशी परवान्यात मात्र या दोन पट्ट्यांपैकी १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ एवढाच भाग येतो. परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन) शाखेकडून मिळतो. त्यासाठी परीक्षा असते, आणि रिस्ट्रिक्टेड श्रेणीसाठी मोर्स संकेत लागत नाही, त्यामुळे शाळा-कॉलेजच्या मुलांनीही बिचकण्याचे कारण नाही. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याविना वापरता येतो, पण तो अतिशय कमी शक्तीच्या आणि तशी मान्यता मिळालेल्या संचांसाठी. चार-पाच वॉटचा यूव्ही-५आर त्या सवलतीत बसत नाही. असे संच ऑनलाइन सर्रास विकले जात होते म्हणूनच २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स संकेतस्थळांसाठी वॉकी-टॉकीच्या विक्रीचे नियम काढले.

भुसावळ जंक्शनचे गाव असल्यामुळे माझ्याकडे आणखी एक मागणी वरचेवर येते: गार्ड आणि चालक ज्या वॉकी-टॉकीवर बोलतात ते चॅनेल यात टाकून द्या. मी टाकून देत नाही. ‘काका, नुसतं ऐकायचं आहे’ असे मुले म्हणतात, आणि त्यांच्या कुतूहलाविषयी मला शंका नसते. पण ज्या रेडिओत ते चॅनेल आहे त्या रेडिओला बोलण्याचे बटणही आहे, आणि वर सांगितल्याप्रमाणे अर्धवट बसलेला एखादा इअरफोनसुद्धा ते बटण आपल्या परवानगीशिवाय दाबू शकतो. गाडी चालवणाऱ्या माणसांच्या बोलण्यात तो तांबडा दिवा मध्येच लागला तर काय होईल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

ऐकायचेच असेल तर त्याहून सुंदर गोष्ट डोक्यावरून जाते, आणि केबलचे खरे मोल तिथे कळते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाते. विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करणारी त्याची कक्षा एकविसाव्या अक्षांशाच्या आसपास असलेल्या आपल्या खानदेशाला सहज कवेत घेते. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर असल्यामुळे तापीच्या खोऱ्यातून जमिनीवरच्या दूरच्या केंद्राशी बोलणे अवघड जाते, पण डोक्यावरून येणाऱ्या लहरीला डोंगराची आडकाठी नसते. स्थानकावर सप्टेंबर २०२० पासून हौशी रेडिओचालकांसाठी रिपीटर सुरू झाला. त्याला १४५.९९० मेगाहर्ट्झवर ६७ हर्ट्झच्या टोनसह बोलायचे आणि ४३७.८०० वर ऐकायचे. शाळांशी होणारा संवाद किंवा चित्रांचे प्रसारण असेल तेव्हा १४५.८०० वर ऐकावे लागते.

अडचण वेगाची आहे. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावते, आणि डॉप्लर परिणामामुळे ४३७.८०० वर पाठवलेली लहर ते आपल्याकडे येत असताना सुमारे दहा किलोहर्ट्झ वर, तर दूर जाताना तेवढीच खाली सरकलेली ऐकू येते. रेडिओवर एकच आकडा ठेवून बसलो तर दहा मिनिटांच्या फेरीतला थोडाच भाग स्वच्छ ऐकू येतो. हाताने दर दोन मिनिटांनी नवा आकडा दाबावा, तर अँटेना कोण फिरवणार? म्हणून चर्पमध्ये एकाखाली एक पाच चॅनेल करावेत: ४३७.८१०, ४३७.८०५, ४३७.८००, ४३७.७९५ आणि ४३७.७९०. प्रत्येकाच्या ड्युप्लेक्स रकान्यात (बोलण्याची फ्रिक्वेन्सी वेगळी कशी, हे सांगणारा रकाना) ‘स्प्लिट’ निवडून बोलण्याची फ्रिक्वेन्सी १४५.९९० द्यावी आणि टोन ६७.० भरावा. बोलण्याचा आकडा पाचही चॅनेलांत सारखाच ठेवला तरी चालतो, कारण त्या खालच्या पट्ट्यात डॉप्लरचा फरक तीन-साडेतीन किलोहर्ट्झच असतो आणि रिपीटरचा कान तेवढे सांभाळून घेतो. सहावे चॅनेल १४५.८०० चे करावे आणि त्याच्या ड्युप्लेक्स रकान्यात ‘ऑफ’ निवडावे. मग त्या चॅनेलवर बोलण्याचे बटण दाबले गेले तरी रेडिओ प्रसारण करणार नाही. ज्यांचा परवाना अजून यायचा आहे त्यांना मी याहीपुढे जाऊन सांगतो की आपला रेडिओ घेण्याची घाई करू नका. परवानाधारक मित्राच्या गच्चीवर जाऊन ऐका.

चॅनेलांना नावे देताना क्रम कळेल अशी द्यावीत, म्हणजे अंधारातही स्थानक उगवताना पहिले, डोक्यावर असताना तिसरे आणि मावळताना पाचवे, असे बोटाच्या अंदाजाने खाली सरकता येते. यूव्ही-५आरच्या पडद्यावर नावाला सातच अक्षरे मिळतात आणि तीही रोमन. लिहून झाले की रेडिओ बंद करावा, केबल ठोकळ्याला धरून सरळ ओढावी, तारेला धरून ओढू नये, आणि रबराचे झाकण बोटाने दाबून पुन्हा बसवावे. दुसऱ्या दिवशी केबल लावून रेडिओ पुन्हा एकदा वाचावा आणि लिहिलेले तेच परत आले का, हे तपासावे. चॅनेल सगळी आली, पण मधल्याच एखाद्याचा टोन गायब आहे असे दिसले, तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी रेडिओ आडवा धरून प्लगच्या फटीकडे पाहावे.